सही म्हणजे साक्ष



आपल्या भागातील अनेक शाळांत स्काऊट-गाईडची पथके चालतात. मुलांच्या बाहीवर शिवलेले लहान लहान बॅज आपण पाहिलेले असतात. कोणी पोहण्याचा बॅज मिळवतो, कोणी स्वयंपाकाचा, कोणी प्रथमोपचाराचा, कोणी सायकलीचा. हे बॅज बाजारातून आणून लावायचे नसतात. त्या विषयात ठरवून दिलेल्या गोष्टी मुलाला येतात असे कोणीतरी जाणत्या माणसाने लिहून द्यावे लागते. ते लिहून देणारे आपल्यापैकीच काही शिक्षक आणि तरुण आहेत.

त्यांच्यापुढे दरवर्षी एक प्रश्न येतो. शिकवणी सुरू होते आणि एखादा मुलगा उभा राहून म्हणतो, "सर, मला येतं हे. मी आधीच शिकलोय." आता सरांनी काय करावे? त्याच्या शब्दावर विश्वास ठेवून सही करावी? की "इथे सगळे सारखे" म्हणून त्यालाही पहिल्या धड्यापासून बसवावे? की तपासून पाहावे? आणि तपासायचे तर कसे?

प्रश्न दिसायला लहान आहे, पण त्यात विश्वास, सत्य आणि न्याय या तिन्ही गोष्टी गुंतलेल्या आहेत. शिवाय तो फक्त स्काऊटचा नाही. दुसऱ्या गावच्या वसतिगृहातून आलेल्या मुलाला दृढीकरणाच्या वर्गात घेताना आपल्या धर्मशिक्षकांपुढेही तोच प्रश्न असतो. म्हणून या रविवारी त्यावर थोडा विचार करू या.

आपल्या मुलांना काय काय येते

लॉर्ड बेडन-पॉवेल यांनी १९०७ साली इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर वीसएक मुलांचे शिबिर घेतले. त्यात श्रीमंतांच्या शाळांतली मुले होती, तशी कामकऱ्यांची मुलेही होती. उघड्यावर राहणे, चूल पेटवणे, गाठी मारणे, माग काढणे, जखमेवर उपचार करणे अशा गोष्टी त्यांनी मुलांना शिकवल्या. पुढच्या वर्षी त्यांचे पुस्तक आले आणि ही चळवळ जगभर पसरली. आपल्या देशात ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही संस्था स्थापन झाली.

आता आपल्या येलदरीच्या आणि जिंतूर तालुक्याच्या मुलांकडे पाहा. शहरातल्या मुलाला ज्या गोष्टी शिबिरात शिकाव्या लागतात, त्यातल्या कितीतरी आपली मुले घरीच शिकतात. पाठीला रिकामा डबा किंवा वाळलेला भोपळा बांधून आजोबांनी विहिरीत ढकललेला मुलगा आठवडाभरात पोहू लागतो, महिनाभरात मुटका मारू लागतो. गुरे राखणाऱ्या पोराला सुरगाठ कुठे घालायची आणि निरगाठ कुठे, हे पुस्तकाशिवाय ठाऊक असते. दसरा-दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेलेली मुलगी फडाशेजारी कोपी कशी उभी करायची, तीन दगडांची चूल वाऱ्याला पाठ देऊन कशी मांडायची, आई मोळ्या बांधून येईपर्यंत पाच माणसांच्या भाकरी कशा करायच्या, हे सारे बाराव्या वर्षीच शिकलेली असते.

अशा मुलीला "चूल कशी पेटवावी" या धड्याला दहा दिवस बसवणे हा तिच्यावर अन्याय आहे. तिचा वेळ जातो हे तर खरेच, पण त्याहून मोठी गोष्ट अशी की तिला न बोलता सांगितले जाते, "तू गरिबीत शिकलीस ते शिक्षण नव्हे. आम्ही शिकवू तेच शिक्षण." देवाने आपल्याला बुद्धी आणि हात दिले ते शाळेची घंटा वाजल्यावरच चालतात असे नाही. प्रभू येशूने सुतारकाम नाझरेथच्या घरी, योसेफाच्या हाताखालीच शिकले असणार. त्याचे प्रमाणपत्र त्याच्याकडे नव्हते.

ही गोष्ट आता सरकारनेही मान्य केली आहे. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत, पूर्वीच मिळवलेल्या कौशल्याला मान्यता देण्याची सोय ठेवली गेली. वर्षानुवर्षे थापी चालवणाऱ्या गवंड्याला पुन्हा पहिल्यापासून बसवायचे नाही, त्याला काय येते ते पाहून प्रमाणपत्र द्यायचे, असा तिचा हेतू. "पाहून" हा शब्द मात्र ध्यानात ठेवावा.

मग विश्वास ठेवून सही का करू नये?

येथे कोणी म्हणेल, "मूल सांगते आहे ना? मग द्या की बॅज. स्काऊटच्या नियमांत पहिलाच नियम विश्वासार्हतेचा आहे. आपणच त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही, तर तो नियम कशाला शिकवायचा?"

हा आक्षेप वजनदार आहे. त्याचे उत्तर शोधताना आधी हे पाहू की सही म्हणजे काय. आपण कागदावर सही करतो तेव्हा "या मुलाने मला असे सांगितले" एवढेच लिहून देत नाही. "या मुलाला हे येते, हे मला माहीत आहे" असे आपण लिहून देतो. ती साक्ष असते. आणि साक्षीबद्दल देवाची आठवी आज्ञा स्पष्ट आहे. खोटी साक्ष देणे म्हणजे केवळ दुसऱ्यावर आळ घेणे नव्हे. जे मी पाहिले नाही ते पाहिल्यासारखे सांगणे हीही खोटी साक्षच, मग ती कोणाच्या भल्यासाठी का असेना. मुलगा खरे बोलत असला तरी, न पाहता सही करणारा मात्र खरे बोलत नसतो.

शिवाय बहुतेक वेळा प्रश्न मूल खोटे बोलते की काय, हा नसतोच. पोहण्याचेच उदाहरण घेऊ. विहिरीत शिकलेला मुलगा म्हणतो, "मला पोहता येतं." तो अगदी खरे सांगतो. पण त्याच्या "पोहता येतं" या शब्दांत विहीर आहे. विहिरीत चार हात मारले की भिंत हाताला लागते. वर कोणीतरी उभे असते. पाणी स्थिर असते. आपले येलदरीचे धरण पूर्णा नदीवर आहे, १९६८ साली ते पूर्ण झाले. त्याच्या फुगवट्याचे पाणी वेगळे. तिथे वारा सुटला की लाटा येतात, काठापासून दोन पावलांवर अचानक खोली लागू शकते, तळाला गाळ असतो आणि दमल्यावर धरायला भिंत नसते. धरणाच्या खाली, सिद्धेश्वरच्या दिशेने जाणाऱ्या पात्रात, वीजगृहातून किंवा दरवाजांतून पाणी सोडले की पातळी वाढते. ज्या मुलाने यातले काही अनुभवले नाही, त्याला आपल्या येण्यात कुठे उणीव आहे हे कळणार कसे? जे ठाऊकच नाही ते तो लपवतो असे म्हणता येत नाही.

म्हणून तपासताना "तू खरं बोलतोस का?" असे आपण विचारत नसतो. "तुझ्या शब्दाचा अर्थ किती, ते मला दाखव" एवढेच आपले म्हणणे असते. यात संशय नाही. बॅजसाठी जे अंतर ठरवून दिले आहे ते त्याने आपल्या डोळ्यांसमोर कापले, तर त्याचा शब्द आणि आपले डोळे असे दोन साक्षीदार झाले. जुन्या करारातही कोणतीही गोष्ट दोघा-तिघांच्या साक्षीने पक्की करावी असे सांगितले आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालानुसार २०२१ या एका वर्षात जगात सुमारे तीन लाख माणसे बुडून मेली. त्यात मुलांचा वाटा मोठा आहे. धरणाकाठी राहणाऱ्या आपल्यासाठी हा आकडा दूरचा नाही. ज्याच्या बाहीवर पोहण्याचा बॅज आहे, त्यालाच सहलीच्या वेळी "तू पाण्याकडे लक्ष ठेव" असे सांगितले जाते. त्या बॅजवर विश्वास ठेवून एखादी आई आपले धाकटे लेकरू त्याच्याबरोबर पाठवते. सही करणाऱ्याने त्या आईचा चेहरा डोळ्यांपुढे ठेवावा.

पवित्र शास्त्र काय शिकवते

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात, अठराव्या आणि एकोणिसाव्या अध्यायांत, अगदी याच प्रश्नाची दोन उदाहरणे लागोपाठ आली आहेत.

पहिले अपुल्लोसचे. तो विद्वान होता, शास्त्रात निपुण होता, प्रभूविषयी उत्साहाने आणि बरोबर शिकवत होता. पण त्याला फक्त योहानाचा बाप्तिस्मा ठाऊक होता. प्रिस्किल्ला आणि अक्विला या पतिपत्नींनी इफिस येथे त्याचे बोलणे आधी ऐकून घेतले. मग त्याला आपल्याकडे नेले आणि देवाचा मार्ग अधिक नीट समजावून सांगितला. भर सभेत त्याला थांबवले नाही, "तुला काहीच येत नाही" असे म्हटले नाही, आणि "विद्वान आहे, चालायचेच" म्हणून सोडूनही दिले नाही. त्याला जे येत होते ते राहू दिले आणि जे कमी होते तेवढे भरून दिले.

दुसरे उदाहरण इफिसच्याच सुमारे बारा शिष्यांचे. संत पौलाने त्यांना काही प्रश्न विचारले. त्यांचा बाप्तिस्मा झाला होता हे खरे होते. पण पौलाने पुढे विचारले की कोणता? तेव्हा कळले की तोही योहानाचाच, आणि पवित्र आत्म्याविषयी त्यांनी ऐकलेलेही नव्हते. पौलाने त्यांना प्रभू येशूच्या नावाने बाप्तिस्मा मिळण्याची व्यवस्था केली आणि त्यांच्यावर हात ठेवले. पौलाने तो दुसरा प्रश्न विचारला नसता तर ते शिष्य होते तिथेच राहिले असते. दोन्ही ठिकाणी काय कमी आहे हे चौकशीतून कळले, आणि जेवढे कमी तेवढेच दिले गेले.

तिसरे उदाहरण संत लूककृत शुभवर्तमानातील दहा कुष्ठरोग्यांचे. प्रभू त्यांना सांगतो की जाऊन याजकांना दाखवा, आणि वाटेतच ते शुद्ध होतात. बरे तर प्रभूने केले, मग याजकाकडे कशाला? कारण लेवीयच्या पुस्तकातील नियमाप्रमाणे याजकाने पाहून "हा शुद्ध झाला" असे सांगितल्याशिवाय त्या माणसाला गावात परत घेत नसत. याजक रोग बरा करत नव्हता. तो आधीच घडलेल्या गोष्टीची खात्री करून घेत होता, आणि त्याच्या त्या एका शब्दाने माणसाला घर, शेजार आणि उपासना परत मिळत होती. आणखी एक बारीक गोष्ट त्या नियमात आहे. तपासण्यासाठी याजकाने स्वतः छावणीच्या बाहेर, त्या माणसाकडे जायचे असे. तपासणारा वरच्या पायरीवर बसून राहत नव्हता. आपल्या स्काऊट शिक्षकांनीही हे घ्यावे. फडावर शिकलेल्या मुलीला शाळेतल्या गॅसच्या शेगडीवर तपासू नये. तिच्या तीन दगडांच्या चुलीपाशी जाऊन बसावे.

संत थोमाची आठवण तर येणारच. "न पाहता विश्वास ठेवणारे धन्य, मग तपासणी कशाला?" असे कोणी म्हणेल. पण विचार करा. आपण न पाहता विश्वास ठेवतो तो कशाच्या आधारावर? प्रेषितांनी पाहिले आणि साक्ष दिली म्हणून. कोणीतरी पाहिले होते, म्हणून आपल्याला न पाहता विश्वास ठेवता येतो. थोमाला प्रभूने दूर लोटले नाही. आठ दिवसांनी तो पुन्हा आला आणि आपल्या जखमा त्याला दाखवल्या. तोच थोमा पुढे आपल्या भारतात साक्ष देत आला आणि मैलापूरला रक्तसाक्षी झाला, असे परंपरा सांगते. बॅजवर सही करणारा या अर्थाने प्रेषितांच्या जागी असतो. उद्या तो बॅज पाहणारे सगळे लोक न पाहता विश्वास ठेवणार आहेत. म्हणून सही करणाऱ्याने पाहिलेले असले पाहिजे.

ख्रिस्तसभेची रीत

आधी झालेली गोष्ट कशी तपासावी, हा प्रश्न ख्रिस्तसभेपुढे फार जुन्या काळापासून आहे. तिसऱ्या शतकात मोठा वाद झाला. ख्रिस्तसभेपासून फुटलेल्या गटात ज्यांचा बाप्तिस्मा झाला, ते परत आले तर त्यांना पुन्हा बाप्तिस्मा द्यावा का? कार्थेजचे बिशप संत सिप्रियन म्हणत, द्यावा. पोप संत स्टीफन म्हणत, नको. दोघेही संत. पुढे ख्रिस्तसभेने रोमची रीत स्वीकारली आणि संत ऑगस्टीन यांनी तिचे कारण समजावून सांगितले. बाप्तिस्मा ख्रिस्ताचा असतो, देणाऱ्या माणसाचा नसतो. म्हणून तो योग्य रीतीने एकदा झाला की पुन्हा देता येत नाही.

आपल्या मराठवाड्यात हा प्रश्न पुस्तकातला नाही. इथे निरनिराळ्या मिशनांनी काम केले आहे, आणि लग्नाच्या निमित्ताने दुसऱ्या ख्रिस्ती मंडळ्यांतील मुली-मुले आपल्या धर्मग्रामात येतात. तेव्हा फादर बाप्तिस्म्याचा दाखला मागतात. काहींना वाईट वाटते. पण १९८३ च्या धर्मसंहितेत काय सांगितले आहे ते पाहा. बाप्तिस्मा झाला की नाही याविषयी शंका असेल तर आधी गांभीर्याने चौकशी करायची. चौकशीनंतरही शंका उरली तरच "जर तुझा बाप्तिस्मा झालेला नसेल तर" अशी अट घालून तो द्यायचा (नियम ८६९). म्हणजे आळसाने "पुन्हा एकदा देऊन टाका" असेही नाही आणि डोळे मिटून "झाला असेल" असेही नाही. आणि दाखला नसेल तर? कोणाचे नुकसान होत नसेल, तर एका निर्विवाद साक्षीदाराचे सांगणे पुरते. प्रौढपणी बाप्तिस्मा झाला असेल तर त्या व्यक्तीची स्वतःची शपथही पुरते (नियम ८७६).

यातून स्काऊटच्या शिक्षकाला तीन गोष्टी घेता येतील. जे खरोखर झाले आहे ते पुन्हा करायला लावू नये. जिथे शंका आहे तिथे मेहनत घेऊन चौकशी करावी. आणि पुरावा किती मागायचा हे, चूक झाल्यास कोणाचे किती नुकसान होईल यावर ठरवावे.

शिळे झालेले ज्ञान

आणखी एक अडचण आहे. मुलाने खरोखर शिकलेले असते, कदाचित दुसऱ्या शिक्षकाची सहीही असते, पण शिकलेलेच आता चुकीचे ठरलेले असते. आपल्या शेतकरी भागात सर्वांत महत्त्वाचे उदाहरण साप चावल्याचे. पूर्वी शिकवत की जखमेच्या वर दोरी आवळून बांधा, ब्लेडने चीर द्या, रक्त शोषून काढा. कितीतरी घरांत आजही तेच सांगतात. आता वैद्यकशास्त्र सांगते की यातले काहीही करू नये. आवळून बांधल्याने अवयवाला इजा होते, चीर दिल्याने रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग होतो. रोग्याला धीर द्यावा, चालू-पळू देऊ नये, चावलेला हात किंवा पाय फळीला बांधून स्थिर ठेवावा, अंगठी-कडे काढावे, आणि वेळ न घालवता जिथे प्रतिविष मिळते त्या दवाखान्यात न्यावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर ते चालते. सर्पदंशाचे मृत्यू कमी करण्यासाठी केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडाही जाहीर केला आहे.

"मला प्रथमोपचार येतो" म्हणणाऱ्या मुलाने जुनी रीत शिकलेली असेल आणि आपण न पाहता सही केली, तर आपण त्याच्या हाती चुकीचे हत्यार देऊन वर शाबासकी दिली. म्हणून बॅज जो काल येत होता त्याच्यासाठी नसतो, जो आज करून दाखवतो त्याच्यासाठी असतो. गाठीसारखी साधी गोष्टही वर्षभर हात लावला नाही की विसरते. पट्टी बांधताना लागणाऱ्या सपाट गाठीत दुसरा वेढा उलट्या बाजूने घ्यायचा असतो. तो त्याच बाजूने घेतला तर गाठ दिसायला तशीच, पण ताण आला की सरकते. असली चूक बघितल्याशिवाय कळत नाही.

तपासावे कसे

आता व्यवहाराचे बोलू.

पहिले, आधी ऐकून घ्या. कुठे शिकलास, कोणी शिकवले, पहिल्यांदा काय चुकले, हे प्रेमाने विचारा. ज्याने खरोखर केले आहे तो आपल्या फजितीही सांगतो. भाकरी करणारी मुलगी सांगेल की पिठाला विरी नसली की भाकरी थापताना फाटते. हे पाठ करून येत नाही.

दुसरे, करून दाखवायला सांगा. नियमात "सांगा" असेल तर सांगणे पुरे, "करून दाखवा" असेल तर करूनच दाखवले पाहिजे. अमेरिकेतील स्काऊट संघटनेत तर असा दंडक आहे की ठरवून दिलेल्या अटींत परीक्षकाने काही वाढवायचे नाही आणि काही कमीही करायचे नाही. तो आपणही पाळावा. हुशार मुलाला जादा अट घालणे आणि लाडक्याला अट सोडणे, दोन्ही अन्यायच.

तिसरे, धोका पाहून काटेकोर व्हा. सायकलचे पंक्चर काढण्यात चूक झाली तर मुलगा चालत घरी येईल. पोहण्यात, विस्तवात, प्रथमोपचारात चूक झाली तर जीव जाईल. पोहण्याची परीक्षा पाण्याकाठी दोन मोठी माणसे, दोर आणि हवा भरलेली ट्यूब असल्याशिवाय घेऊ नये. एकट्या मुलाला घेऊन एकट्याने पाण्यावर जाऊ नये. मुलांच्या सुरक्षिततेसाठी ख्रिस्तसभेनेही हेच सांगितले आहे. आणि बुडणाऱ्याला वाचवण्यासाठी लगेच उडी मारायची नसते, आधी काठी, दोर, लुगडे काहीही काठावरून त्याच्याकडे टाकायचे असते, हे मुलाला माहीत आहे का तेही पाहावे.

चौथे, दुसऱ्या शिक्षकाच्या सहीचा मान राखा. मिळालेला बॅज हिसकावून घेऊ नका. मुलाला ते नीट येत नाही असे दिसले तर अपुल्लोससारखे त्याला बाजूला घेऊन शिकवा. ज्याने सही केली त्याची मुलांसमोर नाचक्की करू नका, पण त्याच्याशी एकांतात जरूर बोला.

पाचवे, जमले नाही तर "नापास" म्हणू नका. "अजून थोडं राहिलं, पुढच्या शनिवारी ये" असे म्हणा, आणि पुढच्या शनिवारी स्वतः हजर राहा. आपला भाचा, आपल्या धर्मग्रामातील मुलगा, सरपंचांचा मुलगा आणि ऊसतोड कामगाराचा मुलगा, सर्वांना हीच रीत.

मन मोडेल त्याचे काय?

शेवटची अडचण दयेची आहे. शिबिराचा शेवटचा दिवस असतो. यादी पाठवायची असते. शाळेला संख्या हवी असते. एक मुलगा केविलवाण्या चेहऱ्याने उभा असतो. "एवढ्याने काय होतं, देऊन टाका," असे सगळेच म्हणतात. देऊन टाकणारा दयाळू ठरतो, न देणारा कठोर.

पण न येता बॅज मिळालेल्या मुलाला एक गोष्ट नक्की कळलेली असते, की आपल्याला ते येत नाही. आणि त्याच दिवशी तो दुसरीही गोष्ट शिकतो, की सही मागितली की मिळते. ती तो जन्मभर विसरत नाही. हाच मुलगा उद्या मोठा होतो. कार्यालयात बसून, रस्ता न पाहता मोजमाप पुस्तिकेत आकडे भरतो. पूल न पाहता दाखला देतो. औषधांचा साठा न मोजता सही करतो. आपण त्याला भ्रष्ट म्हणतो. त्याचा पहिला धडा कदाचित आपणच दिलेला असतो, दया म्हणून.

उलट ज्या मुलाला कोणी अर्धा तास शांतपणे पाहिले, त्याने विहिरीत आजोबांकडून शिकलेले हात बारकाईने न्याहाळले आणि मग "होय, तुला येतं" असे म्हटले, त्या मुलाला बॅजपेक्षा मोठी गोष्ट मिळते. आपले घर, आपले आजोबा, आपली विहीर यांना मान मिळाला हे त्याला कळते. ज्याच्याकडे कोणी नीट पाहतच नाही अशा गरिबाच्या मुलासाठी हे पाहणे हेच प्रेम आहे.

आपण पालकांनीही थोडा विचार करू या. फादरांकडे शिफारसपत्र मागताना, धर्मशिक्षकाकडे "मुलाचं यंदाच दृढीकरण होऊन जाऊ द्या" असा आग्रह धरताना, शिक्षकाला "आमच्या पोराला येतं, तुम्ही फक्त सही करा" म्हणताना, आपण त्यांच्याकडे नेमके काय मागतो? त्यांनी न पाहिलेल्या गोष्टीची साक्ष मागतो. ती मागू नये. त्याऐवजी म्हणावे, "एकदा त्याचं पाहून घ्या." आणि धर्मपिता-धर्ममाता होऊन वेदीसमोर दुसऱ्यासाठी उभे राहताना, आपण ज्याची हमी देतो त्याला आपण खरोखर ओळखतो का, हेही स्वतःला विचारावे.

आपल्या मुलांना शिकवणाऱ्या सर्व बंधू-भगिनींसाठी या आठवड्यात प्रार्थना करू या. हे प्रभो, तू आम्हाला वरवर पाहत नाहीस, आमच्या अंतःकरणापर्यंत पाहतोस आणि तरीही आमच्यावर प्रेम करतोस. आमच्या लेकरांकडे तसे पाहण्याचा धीर आम्हाला दे. आमच्या हातून होणारी प्रत्येक सही खरी ठरू दे. आमेन.